खोट सांगणारा मेस्त्री

हिराजीदादा लाकूड दाताने ऐकत. बोटभर रुंदीची पातळ पट्टी पुढच्या दातांत धरायची, डोळे मिटायचे आणि मोकळ्या टोकाला नखाने टिचकी मारायची. मग पट्टी तोंडातून काढून सदऱ्याला पुसत ते निकाल देत, "चालंल," नाहीतर "ही फसवनार." अलिबागच्या माझ्या दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करत असे. साठीचा एक दणकट माणूस आत शिरतो, काउंटरवरची माझी लाकडी फूटपट्टी उचलतो आणि सरळ तोंडात घालतो, हे बघून मला वाटलं, याचा मिक्सर नाही, दुसरंच काहीतरी बिघडलंय.

"पट्टी बरी हाय तुजी," ते म्हणाले. "जुना लाकूर हाय." मग त्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढून काउंटरवर पसरली. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा नकाशा होता, पंखाच्या बरगड्यांसकट. मांडव्याकडच्या एका बंगल्याला दारं बसवताना मालकाने रद्दीत टाकलेलं इंग्रजी मासिक त्यांना सापडलं होतं. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण बरगड्या ओळखू आल्या होत्या, होडीला असतात तशाच. "ही त आपलीच होरी. पान्यान नाय, हवेन चालनारी. मेस्त्री, ह्याच्यान मोटार बशेल? अंग मी बांधतंय, जीव तू घाल."

मला मेस्त्री म्हणणारा तो पहिला माणूस. बाकी गाव मला 'टीव्हीवाला' म्हणायचं.

हिराजी म्हात्रे रेवसच्या खाडीकाठी लाकडी होड्या बांधत. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून ठोकून त्यांचे कान जवळजवळ गेले होते, मोठ्याने बोललं तरच ऐकू यायचं, आणि कानांनी सोडलेलं काम दातांनी उचललं होतं. पुढे फायबरच्या होड्या आल्या. साच्यातून काढायच्या, रंग मारायचा आणि पाण्यात ढकलायच्या. फायबर कुजत नाही, त्याला कीड लागत नाही, दर वर्षी तेल पाजावं लागत नाही. होडीवाले काही वेडे नव्हते. पाच-सहा वर्षांत हिराजीदादांच्या मांडवात एकही होडी उरली नाही, आणि ज्या हातांनी समुद्रात जाणारी लाकडं वळवली ते हात मुंबईकरांच्या बाथरूमला दारं बसवू लागले. दारही ते उत्तमच बसवत. पण दाराबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

विमान बांधायला परदेशी हलकं लाकूड लागतं. ते मागवण्याची कल्पना त्यांनी उडवून लावली. बांधावरचा पांगारा तोडून वर्षभर माळ्यावर सुकवला, त्याच्या विड्याच्या पानाएवढ्या जाडीच्या पट्ट्या काढल्या. कडांना बांबूच्या कामट्या, वरून लाल पतंगी कागद, तो चिकटवायला घरची खळ. नकाशा मोठा करून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर उतरवला. माप सुतात आणि इंचात. मी इंग्रजी सूचना वाचून मराठीत सांगायचो आणि ते शेजारी पेन्सिलीने लिहून घ्यायचे. एखादी सूचना पटली नाही की म्हणत, "हा लिवनारा कंदी बांधला नाय वाटतं." बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं.

त्यांचा एक रिवाज होता आणि त्याच्याशिवाय ही सगळी हकीकत सांगण्यात अर्थ नाही. होडी पाण्यात लोटायच्या आधी, नारळ फोडायच्याही आधी, बांधणाऱ्याने मालकाला खोट सांगायची. कुठली फळी मनासारखी मिळाली नाही, कुठला जोड कच्चा आहे, कुठे दोन वर्षांनी पाणी झिरपेल. जागेवर हात ठेवून सांगायचं. "खोट नसलेली होरी देवानं पन बांधली नाय," ते म्हणायचे. "सांगितली का मालक जपतो. लपवली का दर्या सांगतो." फायबरवर त्यांचा राग होता तो याच्यासाठी. ती टिकत नाही असं ते कधीच म्हणाले नाहीत. ती विकणाऱ्याला खोट ठाऊकच नसते, असं ते म्हणत.

विमानालाही तोच नियम. पहिलं विमान आम्ही आवासच्या किनाऱ्यावर नेलं. ओहोटीला तिथली वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक होते आणि सकाळी खारा वारा सुटायच्या आत तासभर हवा शांत असते. मी रिमोट हातात घेतला तेव्हा त्यांनी डाव्या पंखावर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीची बारीक फुली होती. "बुंध्यापासून तिसरी बरगरी. गाठ हाय आतमंदी. डाव्या अंगाला जास्ती वलवू नको." विमान उठलं, त्यांच्या तोंडाचा आ झाला, आणि त्या उघड्या तोंडाकडे बघण्याच्या नादात मी विमान डाव्या अंगालाच जास्ती वळवलं. पंख तिसऱ्या बरगडीवर मोडला. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलात तुकडे गोळा केले आणि मिशीत हसले. "बग, सांगितलावता तितंच मोरला. म्हंजे बाकीचा बरा बांधलाय."

त्या माणसाला मोडण्याचं दुःख नव्हतं. मला तेव्हा ती गंमत वाटली.

चार वर्षांत आम्ही सात विमानं बांधली. 'आम्ही' म्हणतो, पण मी फक्त मोटर, बॅटरी आणि शेपूट हलवायची यंत्रं बसवली. दर वेळी ते पट्टी माझ्यापुढे धरून म्हणत, "दातान धर, वाजव, शिक," आणि दर वेळी मी म्हणायचो, "दादा, माझे कान शाबूत आहेत." मला तो मोठा विनोद वाटायचा. ते हसायचे नाहीत. पट्टी पुसून बाजूला ठेवायचे.

मग किनाऱ्यावर आम्हाला बघून बंगलेवाले दुकानात येऊ लागले. त्यांना विमान हवं होतं, पण या शनिवारी. हिराजीदादा एका पंखाला दोन महिने घेत. मी चौकशी केली. मोठ्या खोक्यात जवळजवळ तयार विमान येत होतं. पंख बांधलेला, वर चकचकीत प्लास्टिक ताणून बसवलेलं, शेपूट कापलेली. दहा स्क्रू पिळायचे, थोडा गोंद लावायचा, बॅटरी जोडायची. सकाळी खोकं उघडलं की संध्याकाळी आकाशात. मी खोकी आणून मांडली आणि ती खपली. टीव्ही दुरुस्ती बंद झाली, पाटी बदलली. हिराजीदादांनी पाटी वाचली आणि त्या दिवसापासून मला 'शेट' म्हणायला लागले. लोकांना वाटलं, मान वाढला. मला काय ते कळलं होतं.

खरं सांगायचं तर खोक्यातली विमानं हिराजीदादांच्या विमानांपेक्षा बरी उडत. पांगारा जड पडतो. त्यांची विमानं भरधाव उतरवावी लागत आणि उतरताना दर चौथ्यांदा काहीतरी मोडत असे. खोक्यातलं विमान बोट लावलं तिकडे वळायचं. हे मी त्यांना एकदा तोंडावर सांगितलं, आणि ते म्हणाले, "उडतो त्यो चांगलाच. मी कवा नाय बोललो?" भांडायला तयार नसलेल्या माणसाचा राग फार येतो. मला आला.

एकदा एका बंगल्याचे साहेब पंख तुटलेलं विमान घेऊन आले. हिराजीदादा दुकानात होते. त्यांनी तुटलेल्या जागेतून आत बघितलं आणि साहेबांना जवळ बोलावलं. आत मुख्य काठीच्या जोडाला गोंदच लागला नव्हता. जोड कोरडाच होता आणि वरच्या प्लास्टिकने झाकला गेला होता. "साहेब, हा कुनीतरी हातानंच बांधलाय, ह्या बरगऱ्या बगा," ते म्हणाले. "पन त्यो बिचारा इथं नाय. मंग खोट कोन सांगनार तुमाला? मी जोरून देतंय. चार दिस द्या." साहेब घड्याळाकडे बघत होते. "काका, ते ठेवा तुम्हालाच. यांच्याकडे दुसरं आहे ना?" माझ्याकडे दुसरं होतं. मी हिराजीदादांच्या देखत फडताळावरून नवं खोकं काढलं, आतल्या जोडाकडे न बघता साहेबांच्या गाडीत ठेवून आलो.

परत आलो तेव्हा दादा तुटका पंख मांडीवर घेऊन बसले होते. "आयत्या बिलावर नागोबा, त्याचा मना काय नाय," ते म्हणाले. "त्यो गिऱ्हाईक हाय. पन तू उघरून बघाया होता, शेट. तू मेस्त्री हाईस." मी म्हणालो, दादा, तुमच्या नियमाने दुकान चालवलं तर मलाही बाथरूमची दारं बसवावी लागतील. वाक्य तोंडातून सुटलं आणि मला कळलं की काय बोलून गेलो. त्यांनी पंख खाली ठेवला, चप्पल घातली आणि गेले. नंतर दुकानाची पायरी ते चढले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही. चूक माझी होती म्हणूनच गेलो नाही, हे आता लिहायला हरकत नाही.

दीड वर्षाने निरोप आला की दादांना अर्धांगाचा झटका आला आहे. गेलो. ओटीवर खाटेवर होते. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं, बोलणं सावकाश आणि तुटक. त्यांच्या पत्नी सुमनवहिनींनी चहा दिला. मी माफी मागायची असं ठरवून गेलो होतो, पण दादांनी डाव्या हाताने वर बघ म्हणून खूण केली. माळ्याखाली दोरीला एक विमान टांगलेलं होतं. सहा फुटांच्या वर पंख भरला असता. भरला असता म्हणतो, कारण उजवाच पंख होता. डाव्या बाजूला नुसती काठी बाहेर आलेली होती.

"शेवटचा," ते म्हणाले. "होरी समजूनच बांधलाय. हात गेला." मग म्हणाले, "डावा पंख तू बांद. पट्ट्या सगल्या कापून ठेवल्यात. मना एकदा उडताना बघायचा हाय." त्या माणसाने उभ्या आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हणालो. वहिनींनी विमान उतरवून दिलं आणि सुतळीने बांधलेली बिस्किटांची मोठी पत्र्याची पेटी दिली. "त्याच्यान सगला हाय," त्या म्हणाल्या. "नीट बगा हां, भावजी."

पेटी मी दुकानात फडताळाच्या सगळ्यात वर ठेवली. गणपती झाले की बसू, म्हटलं. मग दिवाळीत बंगले भरले. मग नाताळ. मुंबईहून येणाऱ्या रो-रो बोटीतून गाड्यांवर गाड्या उतरत होत्या आणि प्रत्येक गाडीला खोकं हवं होतं. पेटीची सुतळी मी सोडलीसुद्धा नाही. वहिनी फोन करायच्या, मी सांगायचो, चाललंय, थोडंच राहिलंय. मार्चमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलंच नाही. "डाक्टर बोलतात, आता दिसांचा काम हाय. रोज दाराकरं बघतात," एवढंच म्हणाल्या.

मी काय केलं ते सरळ लिहितो. दुकानात तेवढ्याच पंखाचं एक खोकं होतं. त्यातलं विमान काढलं, प्लास्टिक सोलून टाकलं आणि लाल पतंगी कागद चिकटवला. दादांनी आपल्या विमानाच्या नाकावर वहिनींचं नाव लिहिलं होतं, 'सुमन'. तेही तशाच वळणात लिहिलं. तीन दिवसांत काम झालं. ते तीन दिवस मी पेटीपाशी बसलो असतो तर किमान अर्धा पंख उभा राहिला असता. पण मला वाटलं, त्यांना आता नीट दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, हात चालत नाही. मरणाऱ्या माणसाला समाधान मिळण्याशी मतलब. चांगुलपणाचं नाव देऊन माणूस काय काय खपवू शकतो, ते मी त्या तीन दिवसांत शिकलो.

टेम्पोत खुर्ची घालून त्यांना आवासच्या वाळूवर आणलं. ओहोटी होती, हवा शांत होती. वहिनींनी शाल पांघरली होती. ओळखीची दहा-बारा माणसं जमली होती. मी विमान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी डावा हात पंखावरून फिरवला, बराच वेळ, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "खोट कुटं हाय, मेस्त्री?"

मला मेस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांनी.

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं. ती अख्खी खोटच मी हातात धरून उभा होतो. मी म्हणालो, "कुठेच नाही, दादा. एकदम पक्कं झालंय."

त्यांनी मान हलवली. मी विमान सोडलं. काय उडालं ते! वाळूवरून अलगद उठलं, पाण्यावर गेलं, उन्हात लाल कागद पेटल्यासारखा दिसला. मी मोठी वळणं घेतली, डावीकडेसुद्धा बिनधास्त घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी रडत होत्या. दादांचा पुन्हा तसाच आ झाला होता, आणि मला वाटलं, जमलं. उतरवलंही असं की वाळूवर ओरखडा उठला नाही. हिराजीदादांचं एकही विमान कधी असं उतरलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्यांनी विमान मागितलं. वहिनींनी ते उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. पंखाच्या टोकाला कागद संपतो तिथे लाकडाची कड उघडी होती. दादांनी मान वाकवली, वाकड्या तोंडाने ती कड दातांत धरली आणि डोळे मिटले. डाव्या हाताच्या नखाने पंखावर टिचकी मारली. पुन्हा एकदा मारली. लोकांना वाटलं, म्हातारा विमानाचा मुका घेतोय. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

मग त्यांनी पंख तोंडातून काढला आणि सवयीने सदऱ्याला पुसला.

"चांगला उडला," ते म्हणाले. आणि मग, रागावून नाही, गिऱ्हाइकाला विचारावं तसं, "कोनाचा हाय, शेट?"

वहिनी म्हणाल्या, "अवो, तुमचाच नाय का, असा काय करतव?" त्यांनी वहिनींकडे बघितलं आणि मला उघडं पाडलं नाही. "व्हय, माजाच," म्हणाले. मला वाचवायला त्यांनी जन्मात पहिल्यांदा खोट लपवली. मी त्यांना टेम्पोत चढवलं. अकराव्या दिवशी गेले.

तो फोटो वहिनींनी मोठा करून घेतला. ओटीवर हार घालून लावला आहे. त्यात हिराजीदादा माझ्या खोक्यातल्या विमानाचा मुका घेताहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनी सांगतात, शेवटचं विमान, स्वतः बांधलं, भावजींनी पुरं केलं. मी तिथे बसून चहा पितो. सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही आणि होणारही नाही, कारण आता ते सांगून सुटका फक्त माझी होईल.

पेटी मी त्यांच्या तेराव्यानंतर उघडली. डाव्या पंखाच्या सगळ्या बरगड्या कापून, घासून, क्रमाने दोऱ्यात ओवलेल्या होत्या. दर पावणेदोन इंचांवर कोणती बरगडी बसवायची ते कॅलेंडरच्या पाठीवर आखलेलं. तळाशी पांगाऱ्याच्या दोन लांब पट्ट्या होत्या, पंखाची मुख्य काठी होण्यासाठी. एकीवर पेन्सिलीची फुली होती आणि झटक्याच्या आधीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: 'दोघींतली एक फसवनार. फुली मारली हाय पन वाजवून बग. मी चुकलो असन.'

एवढं आधी सांगून ठेवलं होतं त्यांनी. खोट कुठे आहे तेही, आणि आपण चुकलेले असू शकतो तेही.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. पहिली पट्टी दातांत धरली, डोळे मिटले, टिचकी मारली. मग दुसरी. पुन्हा पहिली. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. मला दोन्ही पट्ट्या सारख्याच वाटल्या.